रडार डिटेक्टर: मेव्हणा अमेरिकेतून आणतोय, कोणता सांगू?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. माझा टॉवेल-नॅपकिनचा धंदा. माल ट्रान्सपोर्टने जातो, पण ऑर्डर आणायला आणि वसुलीला मला स्वतःलाच जावं लागतं, कारण फोनवर पैसे मागितले की समोरच्याची रेंज जाते. त्यामुळे पुणे आलं, हैदराबाद आलं, अधूनमधून तुळजापूरवरून बीडकडेही फेरी असते. गाडी पेट्रोल ब्रेझा. गावात रोजचं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी.

मागच्या महिन्यात सकाळी लवकर निघालो होतो. मोहोळच्या पुढे रस्ता मोकळा. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. दुपारी पुण्यात पार्टीसमोर बसलोय तर मोबाइलवर मेसेज: अतिवेग, २,००० रुपये. फोटो उघडला तर माझीच गाडी आणि वेग १०९. पोलिसांची वेग मोजणारी गन कुठं होती, कोण उभं होतं, मला काहीच दिसलं नव्हतं.

मेव्हणा न्यू जर्सीला असतो, दिवाळीला येतोय. त्याच्या गाडीत रडार डिटेक्टर आहे, म्हणजे पुढं वेग मोजणारी गन असली की आधीच वाजणारं यंत्र, आणि तो म्हणतो त्याच्यावाचून तो हायवेला जातच नाही. माझ्यासाठी एक आणतो म्हणाला, कोणता ते तूच सांग. त्यानं दिलेली नावं: व्हॅलेंटाइन वन जेन-टू, युनिडेन आर-फोर, युनिडेन आर-एट आणि एस्कॉर्ट. चांगल्यातले ४००-५०० डॉलरपासून पुढं. इकडं ऑनलाइन बघितलं तर अडीच हजारात ‘१६ बँड, ३६० अंश’ असं लिहिलेले चायनीज मिळतात. मग फरक नेमका कशाचा? सिग्नल कुठून येतोय त्याचा बाण दाखवणारा घ्यावा की साधा? गावात सात रस्ता, विजापूर वेस असल्या ठिकाणी उगाच कोकलत बसेल का? लायटर सॉकेटवर चालेल की वायर ओढून घ्यावी?

एक विनंती. ‘हळू चालवा’ एवढंच लिहू नका. ते घरातून रोज ऐकतो.

पार्कचौक_९८

घ्या की ओ मालक, विचारायचं काय त्यात. मी ऑनलाइनवालाच लावलाय, चिकटवला आणि सॉकेटात घातला, झालं काम. पुण्याला जाताना चारपाच ठिकाणी तरी वाजतो. वाजला की पाय काढायचा. त्यानंतर एकबी चलन नाही. ४०० डॉलर कशाला घालवताय, त्यात टायर येतील चार.

वायरिंगवाला

टॉवेलवाले मालक, माझं दुकान गाड्यांच्या सामानाचं आहे. स्टीरिओ, रिव्हर्स कॅमेरा, हॉर्न, फॉग लॅम्प. डिटेक्टर मी विकत नाही, पण लोक बाहेरून आणतात आणि वायर ओढायला माझ्याकडं येतात, त्यामुळे बरेच हाताखालून गेलेत. अमेरिकेतून आलेला एक युनिडेन आर-फोर आणि एका डॉक्टरांचा व्हॅलेंटाइन, दोन्ही एकाच काचेवर लावून टेंभुर्णीपर्यंत जाऊन आलोय. (हौस डॉक्टरांची, डिझेलही त्यांचं.) तेव्हा हे ऐकीव नाही.

निकाल आधी सांगतो: सोलापूरच्या गाडीसाठी यातला एकही आणू नका. आता कारण.

रडार गन रेडिओ लहर सोडते. चालत्या गाडीवर आपटून परत येताना त्या लहरीची वारंवारिता जराशी बदलते. बँड म्हणजे वारंवारितेचा ठरावीक पट्टा. के बँडची गन २४.१५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालते, तिथं ताशी एका किलोमीटरला साधारण ४५ हर्ट्‌झचा फरक पडतो. म्हणजे तुम्ही १०० ने येताय तर साडेचार हजार हर्ट्‌झच्या जवळपास. गन हा फरक मोजते आणि आकडा दाखवते. डिटेक्टर काहीच मोजत नाही, तो फक्त लहर ऐकतो. लहरीला गनकडे परत जायचं असतं, म्हणजे दुहेरी प्रवास, आणि परत पोचेपर्यंत तिच्यात फार दम उरत नाही. डिटेक्टरला एकेरीच अंतर. शिवाय रडारचा झोत पसरतो, पुढच्या ट्रकवर, पाटीवर, कठड्यावर आपटून इकडंतिकडं जातो. कुणाच्या घरी शेंगदाणे भाजायला घेतले की वास गल्लीच्या टोकाला येतो, तसा गनचा सुगावा डिटेक्टरला किलोमीटरभर आधी लागतो. अमेरिकेत गस्तीच्या गाड्या चालताचालता रडार सुरू ठेवतात, बहुतेक केए बँडवर, म्हणजे ३३.८, ३४.७ किंवा ३५.५ गिगाहर्ट्‌झला. पुढच्या गाडीला मारलेला झोत मागच्याच्या डिटेक्टरला ऐकू येतो आणि तो सावध होतो. तुमच्या मेव्हण्याचं म्हणणं तिथं खरं आहे.

आपल्याकडं रस्त्याकडेला उभ्या इंटरसेप्टरमध्ये, म्हणजे वेग तपासणाऱ्या पोलिसांच्या गाडीत, जी गन असते ती बहुतेकदा लेझरची. तिच्यात रेडिओ नाहीच. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, ९०४-९०५ नॅनोमीटरचा, बारीक बारीक ठोक्यांनी सुटतो. तो तुमच्या गाडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर, आणि अंतर किती भरभर कमी होतंय यावरून वेग. झोत इतका बारीक की ३०० मीटरवर तो जेमतेम एक मीटर रुंद होतो. माणूस दुर्बिणीतून तुमची नंबरप्लेट नाहीतर हेडलाइट धरतो आणि घोडा दाबतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात काम संपतं. तुमच्या १०९ च्या वेगाला तेवढ्यात गाडी दहा मीटर पुढं जाते, फार नाही.

डिटेक्टरवर लेझरचं भिंग असतं, खोक्यावर ‘लेझर’ असं छापलेलंही असतं. पण झोत तुमच्या बंपरवर, भिंग तुमच्या आरशामागं. बहुतेकदा त्याला कळतच नाही. कळलं तर त्या क्षणी तुमचा वेग मोजून झालेला असतो. डॉक्टरांबरोबर गेलो तेव्हा शेटफळच्या अलीकडं झाडाच्या सावलीत पोलिसांची गाडी उभी होती, बाहेर स्टँडवर गन. दोन्ही यंत्रं ठार गप्प. डॉक्टरांनी मागून विचारलं, ‘बंद पडलं काय?’ बंद पडलं नव्हतं, कारण पुढच्या हॉटेलच्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी दोन्ही एका सुरात ओरडायला लागली.

ही दारंच मोठी भानगड आहेत. त्यांच्यावरचा माणूस ओळखणारा सेन्सर २४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, काही जुने साडेदहावर. डिटेक्टरच्या दृष्टीनं दार आणि पोलीस एकच. परदेशी बनावटीच्या काही गाड्यांत मागच्या बंपरमध्ये शेजारची गाडी ओळखणारं रडार असतं, तेही २४ वर. आजकालच्या गाड्यांचं पुढचं रडार ७७ गिगाहर्ट्‌झचं, त्याचा डिटेक्टरला त्रास नाही, तिथपर्यंत त्याचे कानच जात नाहीत. ‘गावात कोकलेल का’ असं विचारलंत. होटगी रोडला शोरूमच्या रांगेतून जाऊन बघा, उत्तर मिळेल.

तरी तुम्ही तुलना विचारलीय म्हणून लिहितो, मेव्हण्याला तिकडं उपयोग होईल. व्हॅलेंटाइनचे बाण १९९२ पासून आहेत आणि अजूनही सगळ्यांत छान तेच. पुढं, शेजारी, मागं, सिग्नल कुठून येतोय ते कळतं. त्यात जीपीएस नाही, त्यासाठी फोन जोडावा लागतो. आर-फोरला एकच अँटेना, बाण नाहीत, पण पल्ला जबरदस्त. आर-एटला दोन अँटेना आणि बाण, पैसे जास्त. एस्कॉर्टचं वैशिष्ट्य म्हणजे एकाच ठिकाणी रोज खोटं वाजलं की जीपीएसवरून ती जागा तो स्वतः शिकतो आणि पुढं गप्प बसतो. रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्याला ते बरं. मला विचाराल तर न्यू जर्सीत रोजच्या गाडीला आर-फोर, आणि हौस असेल तर व्हॅलेंटाइन. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीला गेला तर काढून ठेवायला सांगा, तिथं बंदी आहे.

अडीच हजारवाल्याबद्दल. ‘१६ बँड’ मोजायला बसलात तर त्यात व्हीजी-टू आणि स्ट्रेल्का अशी नावं सापडतील. व्हीजी-टू हे डिटेक्टर पकडणारं यंत्र, स्ट्रेल्का हा रशियातला कॅमेरा. माल रशियाच्या बाजारासाठी बनलेला आहे, आपल्याकडं उरलंसुरलं येतं. मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात स्ट्रेल्का सापडला तर मला फोन करा, बघायला येतो.

पार्कचौक_९८

काका, मग माझा चारपाच ठिकाणी वाजतो तो काय उगाच?

वायरिंगवाला

कुठं वाजतो ते लिही बघू जागा धरून.

पार्कचौक_९८

मोहोळच्या पुढं फूडमॉलला, इंदापूरजवळ पेट्रोल पंप आहे तिथं, भिगवणला हॉटेलसमोर, आणि हडपसरमध्ये तर सारखाच.

वायरिंगवाला

चारही ठिकाणी काचेचं दार आहे का बघ. आणि आता सांग, रस्त्याकडेला गन लावलेली तू डोळ्यांनी बघितलीस तेव्हा वाजला होता का?

पार्कचौक_९८

एकदा वरवडे टोलच्या अलीकडं उभे होते. तेव्हा नाही वाजला. पण चलनबी नाही आलं.

वायरिंगवाला

कितीनं चालला होतास?

पार्कचौक_९८

पुढं उसाचा ट्रॅक्टर होता ओ. तीस असंल.

वायरिंगवाला

😄 ट्रॅक्टरवाल्याला चहा पाज.

कोर्टवारी

धागा वाचून राहवलं नाही. वकिली करतो, चलनाची प्रकरणं लोक घेऊन येतात, म्हणून कायद्याची बाजू थोडी मांडतो.

मोटार वाहन कायद्यात अतिवेगाचं कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,०००, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. कॅमेरा-गनवरून कारवाई करण्याचा आधार कलम १३६-अ, आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७-अ. टॉवेलवाल्यांनी हा नियम जरूर वाचावा, कारण त्यात यंत्रणेवरही बंधनं आहेत. वापरलेलं यंत्र मंजूर असलं पाहिजे आणि त्याचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घेतलं पाहिजे. अशा देखरेखीच्या टप्प्याआधी चालकांना दिसेल अशी सूचना देणारी पाटी लावली पाहिजे. चलनात गाडीचा नंबर दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा, कलम हे सगळं हवं. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत. यातलं काही नसेल तर राज्याच्या ई-चलन पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवता येते. लोक तिथं ‘मी गरीब माणूस आहे, सोडा’ असं लिहितात. त्यापेक्षा ‘फोटोत जागेचा उल्लेख नाही’ असं एक वाक्य लिहिलं तर त्याला काहीतरी वजन येतं.

अजून एक. रडारच्या वेगमापकांना १ जुलै २०२५ पासून वजन-मापांच्या कायद्याखाली पडताळणी आणि शिक्का बंधनकारक झालाय, जसा किराणा दुकानातल्या काट्याला असतो.

मर्यादेचं म्हणाल तर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० आहे, एक्स्प्रेसवेला १२०. पण राज्य ते कमी करू शकतं, आणि करतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे १०० वरच आहे. म्हणून गूगलवर वाचलेला आकडा नाही, रस्त्यावरची पाटी धरायची. तुमच्या चौपदरी रस्त्यावर १०९ कुठल्याच हिशेबात बसत नाही, तेव्हा त्या २,००० वर फार शाई खर्च करू नका.

आणि जॅमर. डिटेक्टरबरोबर ‘लेझर जॅमर’ही आणतो असं मेव्हणा म्हणाला तर तिथंच थांबवा. पोलिसांच्या यंत्राला आंधळं करणारी वस्तू गाडीत सापडली की मामला चलनाच्या पुढं जातो. काचेवरचा डिटेक्टर बघून नाकाबंदीतला हवालदार तुमच्याशी किती गोड बोलेल याचाही विचार करा. बॅगेत टॉवेलचे नमुने असले तरी सगळी बॅग उघडायला लावेल.

टॉवेलवाला

वायरिंगवाले आणि वकीलसाहेब, आभारी आहे. पटलं. तरी दोन शंका. लेझर गनचं कळलं, पण खांबावरचे कॅमेरे? ते तरी रडारवर असतील ना? आणि दुसरं, माझ्या मीटरवर तेव्हा ११५ च्या आसपास काटा असावा, चलनात १०९ कसं?

वायरिंगवाला

दुसऱ्या शंकेपासून. गाडीचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, नियमच तसा आहे. म्हणून कंपन्या ते थोडं पुढं ढकलून ठेवतात. मीटरवर १०० असतात तेव्हा फोनच्या जीपीएसवर ९५-९६ दिसतात, गाडीगणिक कमीजास्त. तुमचा ११५ चा काटा आणि गनचे १०९ हे एकमेकांना धरूनच आहेत.

खांबावरचे कॅमेरे एका जातीचे नाहीत. काहींत खरंच २४ गिगाहर्ट्‌झचं रडार असतं, तिथं चांगला डिटेक्टर आधी वाजेल. पण ते कॅमेरे एका जागी उभे आहेत, त्यांना शोधायला ४०० डॉलर कशाला? २०१९ पासून गूगल मॅप्स आपल्याकडं कॅमेऱ्याची खूण दाखवतं. मॅपल्स हे नकाशाचं अ‍ॅपही सांगतं, वर स्पीडब्रेकरपण सांगतं, आणि आपल्या भागात कॅमेऱ्यापेक्षा बिनरंगाचा स्पीडब्रेकर जास्त महाग पडतो. काही कॅमेरे नुसत्या चित्रावरून वेग काढतात. आणि सरासरी वेगवाले तर काहीच सोडत नाहीत: या कमानीखाली तुमचा नंबर वाचला, पुढच्या कमानीखाली परत वाचला, मधलं अंतर भागिले वेळ. त्याच्यात ऐकण्यासारखं काही नाहीच, व्हॅलेंटाइन असो नाहीतर त्याचा बाप. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे, मुंबईला जात असाल तर कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागं गेला की पाय, हा जुना खेळ तिथं विसरा.

पूर्वी आपला डिटेक्टर म्हणजे समोरून येणारा ट्रकवाला, दोनदा अप्पर मारला की समजायचं. चौपदरी झाल्यापासून मधे कण्हेर लावलीय, समोरचा दिसतच नाही.

रातराणी

राम राम. मी रातची ट्रॅव्हल्स चालवतो, सोलापूर-पुणे. आमच्या गाडीला ८० च्या वर जाऊ न देणारा गव्हर्नर, त्यामुळं तुमच्या गनची आमाला भीती न्हाई. पर एक इचारतो, तुमचं यंत्र उसाच्या ट्रॉलीला वाजतं का?

कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हा रस्ता आमचा राहत न्हाई. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोनी बाजूनं बाहेर आलेले, मागं लाइट न्हाई, रिफ्लेक्टर होता तो चिखलानं भरलाय. पंधरा-वीसनं चालत असतो, आणि टेप इतक्या जोरात की हॉर्न ऐकू जात न्हाई. मोहोळ ते टेंभुर्णी, तिथनं इंदापूर, समद्या फाट्यांवर. कवा कवा उलट्या बाजूनंबी येतो, कारण पुढचा यू-टर्न लांब पडतो. तुमाला सकाळी रस्ता मोकळा दिसतो न्हवं, तो दिसण्याइतकाच मोकळा असतो.

१०० नं गाडी असली की डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईस्तोवर २८ मीटर जातात, मग ब्रेक लागून थांबायला अजून पंचावन एक, टायर चांगले असले तर. ८० ला धरलं तर मिळून सत्तावनच्या आसपास. आमाला ट्रेनिंगला हे घोकून घेतलंय. ट्रॉली लो बीममधी दिसते किती मीटरवर ते तुमीच बघा आज रात्री.

आन टायमाचं म्हणाल तर २५० किलोमीटर धरा. ९० ची सरासरी पडली तर पावणेतीन तासाच्या वर थोडं, १०० ची पडली तर अडीच. वाचली किती, सतरा मिनिटं. ती हडपसरला परत द्यावी लागतात.

पार्कचौक_९८

मामा तुमी तर हळू चालवा न म्हणता हळू चालवा म्हणालात. 🙏

टॉवेलवाला

😂 पकडलं बरोबर. असो, मेव्हण्याला नको म्हणून कळवलं. तो म्हणतो मग त्या बजेटात दुसरं काय आणू, रिकाम्या हाताने कसा येऊ. वायरिंगवाले, तुमच्या डोक्यात काय आहे?

वायरिंगवाला

त्याला बदाम-पिस्ते आणू द्या. गाडीचं इथंच होतं.

पहिलं, तुमच्या ब्रेझात क्रूझ कंट्रोल आहे का बघा, व्हेरियंटवर आहे. असेल तर सावळेश्वर टोल सोडला की पाटीच्या आकड्याला लावून पाय काढा. लांबच्या सरळ रस्त्यावर वेग आपोआप चढतो, मुद्दाम कुणी चढवत नाही. कंपनीचा वेगाचा बझर या कामाचा नाही: जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांत ८० ला अधूनमधून टुणटुण आणि १२० ला सलग, म्हणजे ८१ आणि ११९ त्याला सारखेच. गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा दोन्ही चालू करा, फोन आरशाखाली न लावता एसीच्या जाळीवर लावा.

दुसरं, डॅशकॅम. चलनासाठी नाही, ट्रॉलीसाठी. उद्या कुणी उलट्या बाजूनं आला आणि चूक तुमची म्हणाला तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी हवं. जीपीएसवाला घेतलात तर चित्रावर वेगही छापून येतो. तो तुमच्याविरुद्धही जाऊ शकतो, हे वकीलसाहेब सांगतील.

घेताना एकच गोष्ट दुकानदाराला ठासून विचारा: आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर? सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, बंद गाडीत काचेला लागून किती होत असेल ते हात लावून बघा. लिथियम बॅटरीवाला कॅमेरा एका उन्हाळ्यात फुगतो. माझ्याकडं फुगलेल्यांचा डबा भरलाय. कपॅसिटरवाला थोडा महाग, पण टिकतो. दोनतीन हजारवाले टाळा, पाच ते दहा हजारात बरे मिळतात.

वायर लायटर सॉकेटात नको, तिथं फोन चार्ज करता तुम्ही. फ्यूज बॉक्समधून चावीबरोबर चालू होणारी लाइन घ्यायची, फ्यूज टॅप लावून, कंपनीची वायर न सोलता. सोलली की वॉरंटीवाले तेच बोट दाखवतात. वायर छताच्या कडेनं आणि पुढच्या खांबातून खाली येते. त्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून जायला पाहिजे, पुढून नाही, नाहीतर एअरबॅग उघडताना वायर तोंडावर येईल. हे काम समोर बसून करून घ्या, करणारा मी असो की दुसरा कुणी. गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग हवं असेल तर व्होल्टेज पडलं की बंद करणारं किट लागतं, नाहीतर सकाळी सेल्फ मारायला बॅटरी उरणार नाही.

टॉवेलवाला

पार्किंगचं रेकॉर्डिंग नको, गाडी घरात असते. कार्ड साधं चालेल का? घरात जुन्या मोबाइलचं ३२ जीबीचं पडून आहे.

वायरिंगवाला

नको. मोबाइलचं कार्ड सारखं पुसून-लिहून लवकर जातं, आणि गेलेलं कळत नाही, दिवा चालूच असतो. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं ६४ किंवा १२८ घ्या, महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा. रविवारी दुकान बंद असतं, सोमवारी सकाळी या, दुपारी ऊन चढलं की छताखाली हात घालवत नाही.